ब्रेडविना सँडविच: नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

सँडविचमधला ब्रेड काढून टाकला की उरते ती कोशिंबीर. ही कोशिंबीर वाटी-चमच्याशिवाय, उभ्याउभ्या, एका हाताने खाता येते, असा दावा सध्या घरोघरी ऐकू येतो. दावा खरा आहे. फक्त त्यासाठी एक मोठं पातेलं, एक पंचा, बर्फाचा ट्रे, बटर पेपर, धारदार सुरी, पाऊण तास आणि घरातल्यांचा थोडा संयम लागतो. ब्रेडचं सँडविच पाच-सात मिनिटांत होतं हे इथे कोणी काढू नये. आरोग्याच्या गप्पा चालू असताना घड्याळाकडे बघणं असभ्य समजतात.

ही मार्गदर्शिका अगदी पहिल्या पायरीवरच्यांसाठी आहे. लेट्यूस आणि कोबी यांतला फरक ज्यांना भाजीवाल्याने समजावून सांगितला, त्यांनी निःशंक पुढे वाचावं. एवढं समजावूनही ज्यांनी कोबीच घरी आणला, त्यांचीही शेवटी सोय केली आहे.

धडा पहिला: ब्रेड नेमकं काय करत होता

कामावरून कुणाला काढायचं असेल तर तो काय काम करत होता हे आधी विचारून घ्यावं. ब्रेडच्या बाबतीत हे कुणीच केलं नाही. सगळ्यांनी त्याच्यावर मैद्याचा ठपका ठेवला आणि निरोप दिला.

ब्रेडची कामं चार. पहिलं, धरणं: आतलं सारण बाहेर पडू न देणं. दुसरं, शोषणं: काकडी, टोमॅटो आणि चटणी यांचं पाणी मनगटापर्यंत पोहोचण्याआधी पिऊन टाकणं. तिसरं, पोट भरणं. चौथं आणि सर्वांत अवघड, गप्प बसणं: तिखट चटणी, आंबट टोमॅटो आणि खारट बटर आपापसांत भांडत असताना स्वतः काहीही न बोलणं.

यातलं पहिलं काम तर सँडविचच्या जन्मकथेतच आहे. सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू पत्त्यांच्या डावावरून उठायला नको म्हणून ब्रेडच्या दोन कापांत मांस घालून मागवत, अशी गोष्ट सांगतात. १७६२ साली इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या रोजनिशीतही सँडविच खाणारी मंडळी भेटतात. अर्लसाहेब खरोखर जुगार खेळत होते की कचेरीतली कामं उरकत होते, हा वाद इंग्रजांनी मिटवावा. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की बोटं कोरडी राहिली पाहिजेत. ब्रेड आला तो हातमोजा म्हणून. तो काढल्यावर अडीचशे वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा आपल्या ओट्यावर येऊन बसतो.

लेट्यूसचं पान यांतलं पहिलं काम अर्धवट करतं, दुसरं अजिबात करत नाही, तिसरं करण्याचा आव आणतं आणि चौथं मात्र फारच छान करतं. आइसबर्ग लेट्यूसमध्ये सुमारे ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे त्याला फारशी मतं नसतात. उरलेल्या कामांची वाटणी कशी करायची, हेच पुढच्या धड्यांत शिकायचं आहे.

धडा दुसरा: सराव कशावर करावा

परदेशी पाककृतींत टर्की, टूना वगैरे मंडळी असतात. आपण सरावासाठी मुंबईच्या फुटपाथवरचं व्हेज सँडविच घेऊ: उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, हिरवी चटणी, बटर आणि वरून भुरभुरलेला मसाला. हे मुद्दाम निवडलं आहे, कारण यापेक्षा ओलं सँडविच सापडणं कठीण. जो हे पानात बांधू शकला, तो काहीही बांधेल.

सँडविचवाल्याचं काम एकदा नीट पाहावं. तो ब्रेडच्या कापाला आधी काठोकाठ बटर लावतो, मग चटणी. नवशिक्याला वाटतं, बटर चवीसाठी आहे. चवीसाठी आहेच, पण ते पाणी अडवण्यासाठीही आहे. स्निग्ध थरातून चटणीचं पाणी ब्रेडमध्ये सहज झिरपत नाही, म्हणून सँडविच हातात येईपर्यंत तग धरतं. म्हणजे ब्रेडसारख्या कसलेल्या गड्यालाही मदतनीस लागत होता. आपण तर त्याची जागा पानाला द्यायला निघालो आहोत.

धडा तिसरा: खरेदी

लेट्यूस बाजारात ब्रोकोली, झुकिनी आणि लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरचीच्या शेजारी मिळतं. या कोपऱ्याला भाजीवाले ‘एक्झॉटिक’ म्हणतात आणि तिथे वजनकाटा जरा जास्तच आदराने वापरतात. इथे घासाघीस करू नये. केलीच तर कोथिंबीर फुकट मागावी, ती चटणीला लागणारच आहे.

उमेदवार तीन. आइसबर्ग: कोबीसारखा गोल गड्डा, कुरकुरीत, वाटीसारखी पानं. सारण छान धरतो, पण घडी घालायला गेलं की मोडतो. रोमेन: लांबट, होडीसारखं पान, मधली शीर ताठ. होडीत माल भरावा तसं वरून भरायला उत्तम, गुंडाळायला हट्टी. बटरहेड: मऊ, लवचीक, घडीला वश. या कामाला सर्वांत योग्य, आणि म्हणूनच आपल्या भाजीवाल्याकडे बहुधा नसतो. लोलो रोसो नावाचं झालरवालं लालसर पान दिसायला देखणं असतं, पण त्यात चटणी बांधणं म्हणजे चाळणीतून पाणी नेणं. त्याचा फोटो काढावा आणि ते परत ठेवावं.

आइसबर्ग घेताना गड्डा हातात धरून हलकासा दाबावा. जरासा दबला पाहिजे. दगडासारखा टणक गड्डा जास्त वजनाचा आणि पैसे वसूल वाटतो, पण त्याची पानं एकमेकांना इतकी घट्ट धरून असतात की सोडवताना फाटतात. बुडाशी कापलेला भाग किंचित तपकिरी असला तर घाबरू नये, कापलेल्या सफरचंदासारखाच तो हवेने रंग बदलतो. पानांच्या कडा मात्र ओल्या, काळपट, बुळबुळीत असतील तर गड्डा खाली ठेवावा.

उन्हाळ्यात घेतलेलं लेट्यूस कधीकधी कडू लागतं. हे थंड हवेचं पीक आहे. उष्मा वाढला की झाड फुलावर यायची घाई करतं आणि पानं कडवट होतात. कुटुंबाने चेहरे वाकडे केले तर मे महिन्याला दोष द्यावा.

घरी आणल्यावर गड्डा फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात, सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवावा. केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यांचा शेजार टाळावा. ही फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने लेट्यूसच्या पानांवर तांबूस डाग पडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाचं लेट्यूस बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून अमेरिकेच्या पार दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाई आणि ताजं पोहोचे. तेच भाजीवाल्याकडून तुमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना कोमेजतं, कारण वाटेत तुम्ही चप्पल दुरुस्तीला टाकायला थांबता.

धडा चौथा: पान सोडवणे आणि धुणे

१. बाहेरची दोन-तीन पानं काढून टाकावीत. ती पाहून घरातलं ज्येष्ठ माणूस “अगं, टाकतेस काय? भाजीत घाल की,” असं म्हणेल. मान डोलवावी.

२. गड्ड्याच्या बुडाचा दांडा ओट्यावर एकदा जोरात आपटावा. दांडा आत सैल होतो आणि पिळून ओढला की आख्खा बाहेर येतो. ही या पाककृतीतली सर्वांत समाधान देणारी कृती आहे. ऑफिसातून आल्याआल्या करावी.

३. दांड्याच्या जागी पडलेल्या खड्ड्यात नळाचं पाणी सोडावं. पाणी पानांमध्ये शिरतं आणि पानं न फाटता एकेक सुटी होतात. बोटांनी ओढू नयेत. ओढली तर प्रत्येक पानाला सारण गळायला खास भोक तयार होतं.

४. प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवावं. हे पान पुढे शिजणार नाही, याचा विसर पडू देऊ नये. २०१८च्या नोव्हेंबरात ई. कोलाय जंतूंच्या साथीमुळे अमेरिकेत सरकारी आरोग्य यंत्रणेने लोकांना रोमेन लेट्यूस खाऊच नका, असं सांगितलं होतं. धुण्याने जंतू कमी होतात, सगळेच जात नाहीत. म्हणून पावसाळ्यात, गरोदर बाईसाठी, लहान मुलांसाठी किंवा आजारातून उठलेल्या माणसासाठी कच्च्या पानाचा हट्ट धरू नये.

५. पातेल्यात गार पाणी आणि बर्फ घालून पानं दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावीत. पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात आणि मरगळलेली पानं ताठ होतात. सोमवारी सकाळी माणसांवरही असा उपाय असता तर बरं झालं असतं.

६. आता वाळवणे. परदेशात यासाठी पानं गरगर फिरवणारं एक प्लॅस्टिकचं यंत्र मिळतं. आपल्याकडे पंचा आहे. पानं पंचात ठेवून चारी टोकं मुठीत धरावीत आणि बाल्कनीत उभं राहून हात गोल फिरवावा. खालच्या मजल्यावर कुणी वाळवण घातलं नाही ना, ते आधी बघावं. पान पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. ओल्या पानावर बटर टिकत नाही, चटणी टिकत नाही आणि घरातल्यांचा विश्वासही टिकत नाही.

७. अळूवडीच्या वेळी पानाच्या मागची जाड शीर जशी सुरीने तासून सपाट करतात, तशीच लेट्यूसची मधली शीर तासावी. हे काम घरातल्या आजीला द्यावं. ती दोन मिनिटांत सगळी पानं तासून देईल आणि वर विचारेल, “आता याला बेसन कधी लावायचं?” उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता पान हातातून काढून घ्यावं.

धडा पाचवा: पाण्याचा बंदोबस्त

शोषणारा गेला, त्यामुळे आता पाणी मुळातच कमी करावं लागतं. हा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. ज्यांना हा धडा जमला, त्यांना बाकीचे नाही जमले तरी चालतील.

काकडी: उभी चिरून चमच्याने बिया काढाव्यात, पातळ काप करावेत, मीठ लावून दहा मिनिटं ठेवावं आणि घट्ट पिळावं. खमंग काकडीसाठी आपण हेच करतो. पिळलेलं पाणी फेकू नये. घरात तब्येतीला जपणारं एक तरी माणूस ते पिण्यासाठी टपलेलं असतं.

टोमॅटो: चार फोडी करून आतला बियांचा गर काढून टाकावा, फक्त बाहेरचा जाड भाग घ्यावा. गर रात्रीच्या आमटीत जाईल. सँडविच करता करता आमटीची तयारी होते, हा या पाककृतीचा न सांगितलेला फायदा.

बीट: उकडून, पूर्ण गार करून, फडक्याने टिपून घ्यावं. बिटाला कुणाच्याही शेजारी बसवलं की तो आपला रंग देतोच. म्हणून त्याला बटाट्याच्या दोन कापांमध्ये ठेवावं.

बटाटा: आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये ठेवलेला उत्तम. त्याचे काप भुगा न होता पडतात. कापांऐवजी सँडविच मसाला घालून घट्ट कुस्करला तरी चालतो. कुस्करलेला बटाटा गळणारं पाणी धरतो आणि सगळ्यांना एकत्र चिकटवून ठेवतो. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल, की ब्रेडचं दुसरं काम आपण गुपचूप बटाट्याला दिलं. घरात कुणी ‘कार्ब’ मोजत असेल तर हे मोठ्याने बोलू नये.

कांदा: कागदासारखा पातळ. याविषयी अधिक काही सांगण्याजोगं नाही.

मीठ आणि मसाला अगदी शेवटी घालावा. मिठाने भाज्यांतलं पाणी बाहेर येतं, आणि पानालाही घाम फुटतो. सारण गरम असू नये. गरम सारणाने लेट्यूस जागच्या जागी मान टाकतं. याच कारणाने हे सँडविच टोस्ट करता येत नाही. दरवर्षी कुणीतरी लेट्यूसची पुरचुंडी सँडविचच्या चिमट्यात दाबून गॅसवर धरतं. त्यातून जे निघतं, त्याला अजून नाव पडलेलं नाही.

धडा सहावा: चटणी

कोथिंबीर, थोडा पुदिना, हिरवी मिरची, आल्याचा तुकडा, जिरं, लिंबाचा रस, मीठ. वाटताना अगदी गार पाणी आणि तेही चमच्याने मोजून घालावं, म्हणजे रंग हिरवागार राहतो.

चटणी दाट होण्यासाठी कित्येक घरांत तिच्यात ब्रेडचा तुकडा घालून वाटतात. आज ते करू नये. तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि ज्यांना गव्हातल्या ग्लूटेनमुळे सीलिअॅकसारखा त्रास होतो त्यांच्यासाठी खरोखरच तब्येतीचा प्रश्न आहे. अशा माणसासाठी करत असाल तर ब्रेड चिरलेली सुरी आणि पाटही वेगळे ठेवावेत आणि बाजारच्या मसाल्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. दाटपणासाठी मूठभर डाळं घालावं. चटणी तयार झाली की चमचाभर घेऊन चमचा उलटा करावा. पडली तर पातळ आहे, आणखी डाळं घालावं. पडली नाही तर चमचा चाटून पुढे जावं.

बटर पानावर नीट बसत नाही, हे तुमच्या आतापर्यंत लक्षात आलंच असेल. थंड पानावर ते गोळे होऊन घरंगळतं. त्याऐवजी दही रात्रभर टांगून केलेला चक्का घ्यावा, चटणी त्यातच कालवावी आणि पानाला लावावी. चक्का दाट असतो, पाणी अडवतो, मिरचीला समजावतो. श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्यातून घेणार असाल तर आधी परवानगी काढावी. या कारणावरून फुटलेली कुटुंबं पुन्हा जोडणं या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

धडा सातवा: रचना आणि घडी

१. ओट्यावर बटर पेपरचा चौकोन पसरावा. वर्तमानपत्र वापरू नये. छपाईच्या शाईचे घटक अन्नात उतरतात, म्हणून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगत आलं आहे.

२. कागदावर दोन मोठी पानं एकमेकांवर थोडी चढवून ठेवावीत. एका पानावर विश्वास ठेवण्याचं वय निघून गेलं.

३. चक्क्याची चटणी पानाच्या मध्यावर लावावी, कडा कोऱ्या सोडाव्यात.

४. सारण दोन ते तीन मोठे चमचे. नवशिक्या नेहमी पाच घालतो. पाच चमचे मावतील असं पान निसर्गाने तयार केलं आहे, पण त्याला केळीचं पान म्हणतात आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसतात.

५. शेव हवीच असेल तर अगदी आत, बटाट्याला चिकटवून. वरून भुरभुरलेली शेव पानावरून जमिनीवर आणि तिथून मुंग्यांकडे जाते.

६. आपल्याकडची कड सारणावर घ्यावी, दोन्ही बाजू आत दुमडाव्यात, दाबून पुढे गुंडाळत न्यावं. मग तीच गुंडाळी बटर पेपरमध्ये घट्ट बांधावी आणि कागदासकट मधून कापावी. खाताना कागद वरून थोडाथोडा सोलावा. अमेरिकेतल्या इन-एन-आउट या बर्गरवाल्यांकडे पावाऐवजी लेट्यूसमध्ये बांधलेला बर्गर मिळतो, तोही कागदाच्या घट्ट वेष्टनात देतात. धरण्याचं काम खरं कोण करतं, हे त्यांनाही कळलेलं दिसतं.

गुंडाळी जमत नसेल तर विड्याची त्रिकोणी घडी घालावी आणि लवंगेच्या जागी टूथपिक टोचावी. जेवणानंतर विडा लावून देणारं माणूस घरात असेल तर ते पहिल्याच प्रयत्नात तुम्हाला मागे टाकेल. त्याला सारखं बघत बसू नये, पानं पुढे सरकवत राहावीत.

धडा आठवा: खाणे

बनवलं की लगेच खावं. पंधरा मिनिटांनी पान आणि सारण यांची ओळख नको इतकी वाढते.

खाताना थोडं पुढे झुकावं, कोपर टेबलावर, बशी हनुवटीच्या बरोबर खाली. पांढरे कपडे घालू नयेत, बिटाला ते आमंत्रण वाटतं. दुसऱ्या घासाच्या वेळी मागच्या बाजूने काहीतरी बाहेर येतं. ते ढकलायला गेलं की पुढून येतं. यावर कोरियन लोकांनी फार पूर्वी तोडगा काढला आहे. ते लेट्यूसच्या पानात भात, मांस, सोयाबीनची तिखट चटणी ठेवून छोटी पुरचुंडी करतात आणि आख्खी एकदम तोंडात टाकतात. तिला ते ‘स्साम’ म्हणतात. अर्धी तोडून खाणं तिथे अडाणीपणाचं समजतात. ज्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पान खाल्लं, त्यांनी दुसरा घास ठेवलाच नाही, यातून काय तो बोध घ्यावा आणि पुरचुंड्या लहान कराव्यात.

ऑफिसच्या डब्यात बांधलेलं सँडविच नेऊ नये. पानं एका डब्यात कोरड्या फडक्यात, सारण दुसऱ्यात, चटणी तिसऱ्यात आणि तिथे जाऊन बांधावं. पहिल्या दिवशी सहकारी “हे काय?” विचारतील, दुसऱ्या दिवशी “एक बघू,” म्हणतील. तिसऱ्या दिवशी पानं दुप्पट न्यावीत. लोकलमध्ये, उभ्याने, गर्दीच्या वेळी हा प्रयोग करण्याचा विचारही मनात आणू नये.

धडा नववा: हिशेब

एवढं करून काय वाचलं? पांढऱ्या ब्रेडच्या दोन कापांत साधारण १५० कॅलरी. आइसबर्गच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १४. म्हणजे दोन-तीन पानांत बोटावर मोजण्याइतक्या. वाचल्या सुमारे १४०.

आता खर्चाची बाजू. पोट भरल्यासारखं वाटेना म्हणून बटाटा शंभर ग्रॅम वाढवला: सुमारे ८५ परत आल्या. हिरमुसलेल्या मुलांसाठी चीजचा एक काप: साधारण ६०. आणि सँडविचसोबत वेफर्स नसले तर कसं, म्हणून मूठभर, समजा तीस ग्रॅम: दीडशेच्या वर. एकूण ताळेबंद तोट्यात.

म्हणून ब्रेडच्या तिसऱ्या कामाची, पोट भरण्याची, सोय वेगळी करावी लागते. पनीर, उकडलेलं अंडं, वाफवलेली मटकी, छोले, उरलेल्या चिकनचे तुकडे, यांपैकी काहीतरी सारणात हवंच. नाहीतर पानाने पोट तासभर फसतं आणि त्यानंतर स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडून बघितला जातो. ज्याला साखरेमुळे डॉक्टरांनी ब्रेड कमी करायला सांगितलं आहे, त्याने वाढवलेल्या बटाट्याचाही हिशेब धरावा. शरीर स्टार्च मोजतं, पाककृतीचं नाव वाचत नाही.

शंकासमाधान

*घरात आधीच आणलेल्या ब्रेडचं काय करावं?* त्याचा ब्रेडचा उपमा करावा. तो लेट्यूसचं सँडविच खाऊन झाल्यावर, साधारण तासाभराने, लागतो.

*चुकून कोबीच आणला आहे.* काही बिघडलं नाही. मोठी पानं सुटी करून उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालावीत, गार पाण्यात काढावीत, टिपून घ्यावीत. पान लवचीक होतं, मोडत नाही, आणि पावसाळ्यात कच्च्या पानापेक्षा हे बरं. खरं सांगायचं तर घडीला हे लेट्यूसपेक्षा सरस आहे. ही गोष्ट ‘एक्झॉटिक’च्या कोपऱ्यातल्या भाजीवाल्याला कळू देऊ नये.

*सासूबाई म्हणतात, यापेक्षा अळूवडी काय वाईट?* वाईट काहीच नाही. सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे. त्यांना उलट उत्तर न देता अळूवडी कधी करायची तेवढं विचारावं.

*उरलेलं अर्धं आइसबर्ग आठवडाभर फ्रिजमध्ये आहे.* कुरकुरीत असेल तर बारीक चिरून दाण्याचं कूट आणि फोडणी घालून कोशिंबीर. थोडं मरगळलं असेल तर थालीपिठाच्या पिठात. पाणी सुटून बुळबुळीत झालं असेल तर कुंडीतल्या खतात.

परीक्षा

वेळ: एक जेवण. उत्तीर्ण होण्यासाठी चारपैकी तीन प्रश्न सोडवणं आवश्यक.

प्रश्न १: पूर्ण सँडविच खाऊन झाल्यावर मनगट कोरडं आहे का? (परीक्षकाने स्वतः हात लावून पाहावं.)

प्रश्न २: बशीत पडलेलं सारण दोन चमच्यांपेक्षा कमी आहे का? बशीत काहीच नसेल तर मांडीवर पाहावं.

प्रश्न ३: ब्रेडची चार कामं सांगा आणि तुमच्या ओट्यावर ती कुणाकुणाला वाटून दिली ते लिहा. (अपेक्षित उत्तर: धरायला बटर पेपर, शोषायला बटाटा, पोट भरायला पनीर, गप्प बसायला पान. ‘सगळं पानाने केलं’ असं लिहिणाऱ्यास शून्य गुण.)

प्रश्न ४: जेवणानंतर दोन तास एकही डबा न उघडता राहून दाखवा.

उत्तीर्ण झालेल्यांना पुढच्या वर्गात थेट प्रवेश मिळेल. विषय: पावाविना वडापाव. हा पदार्थ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होतो, त्याला बटाटेवडा म्हणतात, आणि त्या वर्गाच्या सगळ्या जागा कधीच भरल्या आहेत.